वाचून दाखवले

“टुक,” जजसाहेब म्हणाले आणि टायपिस्ट बाईंच्या बोटांनी ते कागदावर आपटलं.

“हं. पुढे.”

“ताईनं लेकराचे पाय धरले होते,” मी म्हणाले. “दिरानं तिची बोटं सोडवली. एकेक करून. मग सासूनं हिसकलं.”

साहेब खिडकीकडे बघत होते. तिकडे बघतच त्यांनी बाईंना इंग्रजी सांगितलं. त्यात बोटं आली की नाही मला कळलं नाही. टुक आलं.

“मग?”

“मग जीपमध्ये कोंबलं.”

टुक हिम टु द जीप.

“आणि पळवलं.”

टुक हिम अवे.

थांबा. कोण कोणाचं ते आधी सांगते, नाहीतर तुमचंही माझ्यासारखं होईल. मला कोर्टाच्या त्या खोलीत शिरल्यापासून कोण कोणाच्या बाजूचं आहे तेच समजत नव्हतं. सगळे काळे कोट एकमेकांशी हसून बोलत होते.

मी बेबीनंदा गावंडे. बारावीत होते. मोठी दिसावी म्हणून ताईची साडी नेसवून मला पिंजऱ्यात उभी केली होती. ताई म्हणजे चंद्रकला. तिचं लग्न झालं, मुन्ना झाला आणि मुन्ना रांगायला लागायच्या आत तिचा नवरा विहिरीवरच्या मोटरचा शॉक लागून गेला. ताई लेकरू घेऊन आमच्याकडे आली. आमचे बाबा आरागिरणीत कामाला होते. घर दोन खोल्यांचं, पण आली. पुढे एका लग्नात तिच्या सासूनं, गयाबाईनं, आपली बाकीची दोन पोरं बरोबर आणून मुन्नाला

नेलं म्हणू? उचललं म्हणू? कोर्टात मी जे म्हणाले तेच म्हणते. हिसकलं.

गयाबाईचं म्हणणं होतं की हिनं आपल्या हातानं दिलं. हिला दुसरं लग्न करायचं आहे, लेकरू अडचणीचं झालं, म्हणून दिलं. आणि बाबा खरंच ताईसाठी स्थळ बघत होते, त्यामुळे हे म्हणणं बऱ्याच लोकांना पटत होतं.

लग्न आमच्या चुलत मामाकडचं होतं. मांडवात दीडेकशे माणसं जेवत होती. तरी साक्षीदार मी एकटी. का, ते सांगते. बायकांची पंगत बसली होती. ताईला टोकाला बसवलं होतं, विधवा म्हणून. मांडीवर मुन्ना, त्याच्या मुठीत पुरीचा तुकडा. मी वरणाची बादली घेऊन वाढत होते. गयाबाई मांडवात शिरली तेव्हा लोकांना वाटलं आवतनाचीच आहे. ती सरळ ताईच्या पानासमोर आली आणि वाकली.

ताई ओरडली. पंगतीतल्या सगळ्या बायकांनी वर बघितलं. आणि एकही उठली नाही. आमच्याकडे पंगत बसली की शेवटच्या माणसाचं होईपर्यंत पान सोडून उठत नाहीत. अन्नाचा अपमान होतो. पलीकडे पुरुषांची पंगत होती, तिथेही तेच. हात भातात तसेच ठेवून माणसं बघत होती. एक काकू बसल्या जागेवरून म्हणाली, “अव्व बाई, लेकराचा हात सांभाळा.” एवढंच. मी उभी होते म्हणून धावले. बादली सांडली. मुन्नाला कोंबताना लांबून दिसलं, जीपपर्यंत पोचेस्तोवर धूळच उरली होती.

नंतर बाबा त्या सगळ्यांच्या घरी जाऊन आले. साक्ष द्या म्हणाले. सगळ्यांनी एकच सांगितलं. “आम्ही जेवत होतो ना भाऊ. आम्ही कुठं पाह्यलं?”

म्हणून मी.

आणि कोर्टातली पद्धत तेव्हा अशी होती की तुम्ही मराठीत बोलायचं. साहेबांनी ऐकायचं, त्याचं इंग्रजी करून मोठ्यानं सांगायचं, बाईंनी टाइप करायचं. साहेबही मराठीच होते. सारडा किंवा पिंटो नव्हते. घरी भाकरच खात असणार. पण कागद इंग्रजीत. तुमचं बोलणं तिथल्या पंख्याखाली विरून जायचं, कागदावर साहेबांचं बोलणं उतरायचं आणि खाली सही मात्र तुमची.

मला इंग्रजी येत होतं असं म्हणवत नाही. कोणी बोललं की पहिला शब्द पकडेपर्यंत वाक्य संपलेलं असायचं. पण हा एक शब्द मला चांगलाच येत होता, टेक, टुक, टेकन. आमच्या इंगोले सरांचा तो लाडका होता. ते म्हणायचे, इंग्रजीत चार-पाच क्रियापदं पाठ करा, बाकी भाषा आपोआप पाठीमागून येते. ते फळ्यावर टेक लिहायचे आणि छडी आपटत वर्गाकडून म्हणवून घ्यायचे, शेजारच्या वर्गातली मुलं आमच्याबरोबर म्हणायची इतक्या मोठ्यानं.

म्हणून पळवलं म्हटल्यावरही तोच शब्द आला तेव्हा माझ्या कानशिलात काहीतरी तापलं.

“साहेब, ते टुक लिहू नका.”

टाइपरायटर थांबला. साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. आमचे वकील देवपुजारी खुर्चीतून अर्धे उठले आणि मला हातानं खाली, खाली असं करू लागले. गयाबाईचे वकील राजूरकर मात्र आरामात उभे राहिले.

“सर, साक्षीदार आपली शिकवणी घेतेय असं दिसतं.”

मागच्या बाकांवर हसू पसरलं. साहेबही थोडे हसले.

“इंग्रजी येतं तुला?”

“बारावीला आहे.”

“कोणती शाखा?”

“कला.”

“असं. मग सांग बरं, टेक म्हणजे काय?”

मला वाटलं खरंच विचारताहेत. मी सांगायला लागले. आणि पाठ केलेलं जसं पाठ केलं तसंच बाहेर पडतं, त्यामुळे मी चालीवरच सुरू झाले. टेक टी, चहा घेणे. टेक अ बाथ, आंघोळ करणे. टेक अ सीट, बसणे. टेक अ फोटोग्राफ, फोटो काढणे. टेक ऑफ, विमान उडणे, आणि टोपी काढणे. टेक आफ्टर, चेहरेपट्टी आईबापावर जाणे. टेक प्लेस, घडणे. टेक टु टास्क, खरडपट्टी काढणे. मागे कोणीतरी खोकला दाबत होतं. बाबा बाकावर मान खाली घालून बसले होते. मला थांबता येत नव्हतं. टेक इल म्हणजे आजारी पडणे इथे साहेबांनी हात वर केला.

“वा. छान तयारी आहे. म्हणजे तूच म्हणतेस की या शब्दात सगळं येतं.”

“हो.”

“मग तक्रार काय आहे?”

साहेब समजावणीच्या सुरात बोलू लागले, ते मला जास्त लागलं. “हे बघ बाळ. मूल तिथं होतं, तिथून दुसरीकडे गेलं. कोर्टाला एवढं कळलं की पुरे. तू ओढलं म्हण, उचललं म्हण, हिसकलं म्हण. भावना वेगळ्या, घटना एकच.”

“साहेब, चहा घेताना कोणाची बोटं सोडवावी लागत नाहीत.”

कोणी हसलं नाही. साहेबांच्या चेहऱ्यावरची समजावणी गेली.

“साक्ष झाली. सही घ्या हिची.”

शिपायानं कागद आणून माझ्यासमोर कठड्यावर ठेवला. दोन पानं, सगळी इंग्रजी. अगदी तळाशी एक रबरी शिक्का मारलेला होता, तो तेवढा मराठीत. वाचून दाखवले, बरोबर असल्याचे मान्य केले. शिक्क्याची शाई वाळलेली होती. मी शिपायाला विचारलं, “हे केव्हा मारलं?”

“सकाळीच मारून ठेवतो ना. किती साक्षी असतात.”

“वाचून कधी दाखवलं?”

“तुम्ही सही करा ताई. ते असतंच.”

“वाचून दाखवा. मग करते.”

ही गोष्ट मी कोणाला सांगितली की लोक म्हणतात, तुझी हिंमत. हिंमत नव्हती हो. पण माझ्या डोळ्यांसमोर ताईची बोटं होती आणि या दोन पानांत ती कुठेच नव्हती हे मला इंग्रजी न येताही दिसत होतं. दीडशे माणसं जेवत होती म्हणून त्यांनी पाहिलं नाही. ज्या एका माणसानं पाहिलं त्याचं बोलणं यांनी खिडकीकडे बघत धुऊन टाकलं. आणि वर म्हणे मान्य केले.

साहेब म्हणाले, “सही करत नसशील तर तशी नोंद घेतो. साक्षीदाराने सही नाकारली.”

देवपुजारी वकील पिंजऱ्याशी आले. त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता. हळू आवाजात म्हणाले, “पोरी, अशी नोंद झाली तर तुझी साक्ष गेली. आणि तुझ्याशिवाय आपल्याकडे कोण आहे? लेकरू पाहिजे ना परत?”

“पाहिजे.”

“मग टुक तर टुक. आपण युक्तिवादात बघू.”

“तुम्हाला कळलं होतं ना काका, साहेब काय लिहिताहेत ते?”

त्यांनी फाइलची नाडी पुन्हा बांधायला घेतली.

“मग तुम्ही का नाही उठले?”

आता बाबा उठून पुढे आले होते. शिपायानं त्यांना अडवलं तर तिथूनच म्हणाले, “बेबी, कर व सही. लेकराचं काम हाय. साहेबांना काहून तरास देतं?”

ताई बाबांच्या मागे बसली होती. तिनं सही कर म्हटलं नाही आणि करू नकोही म्हटलं नाही. ती समोर बघत होती. समोरच्या बाकावर गयाबाईच्या खांद्यावर मुन्ना झोपला होता. गेल्या सात महिन्यांत तिनं त्याला त्या दिवशीच पाहिलं, आणि तेही पाठमोरं.

“वाचून दाखवा,” मी म्हणाले.

साहेबांनी घड्याळ बघितलं. जेवणाची सुट्टी व्हायला आली होती. मग चष्मा लावला, कागद मागवून घेतला आणि स्वतःच वाचू लागले. इंग्रजी वाक्य मनात वाचायचे आणि मराठीत मोठ्यानं म्हणायचे. शाळेत धडा वाचतात तसं.

“सासूने मुलाला मांडीवरून घेतले. आईने मुलाचे पाय धरले. दिराने आईचा हात बाजूला घेतला. सासूने मुलाला घेतले. मुलाला जीपमध्ये नेले. मुलाला घेऊन ते गेले. बरोबर?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात समोरच्या बाकावरून आवाज आला.

“बराबर हाय साहेब.”

गयाबाई उभी राहिली होती. मुन्नाचं डोकं खांद्यावर नीट टेकवून घेत ती मनापासून म्हणाली, “असंच झालं. मांडीवरून घेतलं मी लेकरू. माह्या पोराचं हाय, मी नाही घेईन तं कोण घेईन? पोरगी खरं बोलून राह्यली.”

“मावशी, खाली बसा,” राजूरकर म्हणाले.

“बसतो ना. पर बराबर लिवलं साहेबानं.”

“खाली बसा म्हणतो ना.”

तिला वाटलं आपण चांगलंच बोललो. ती बसली. राजूरकर पुढ्यातले कागद उगाच सारखे करत होते. देवपुजारींनी चष्मा काढून पुसायला घेतला. साहेब कागदाकडे बघत होते. जिच्याविरुद्ध मी साक्ष दिली तीच माझी साक्ष बरोबर आहे म्हणत होती, आणि त्यात तिची काही लबाडी नव्हती. त्या कागदात तिच्याविरुद्ध काही नव्हतंच.

साहेबांनी तो कागद बाजूला सारला.

“बाई,” साहेब टायपिस्ट बाईंना म्हणाले, “नवा कागद लावा.”

“सर, याला माझी हरकत आहे,” राजूरकर म्हणाले. “साक्ष पूर्ण झालेली आहे.”

“सही झालेली नाही. तुमची हरकत नोंदवतो. बसा.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पहिल्यापासून सांग. सावकाश. एक वाक्य झालं की थांब.”

मी सांगितलं. ते आता खिडकीकडे बघत नव्हते. ओढलं म्हटल्यावर त्यांनी एक शब्द सांगितला, हिसकलं म्हटल्यावर दुसरा. बोटांना बराच वेळ लागला. कोणती बोटं, आधी कोणतं सोडवलं, असं त्यांनी विचारलं. करंगळीपासून, मी सांगितलं. कोंबलं म्हटल्यावर ते अडले.

“कोंबलं म्हणजे? बसवलं?”

“नाही साहेब. पोत्यात कापूस कोंबतात तसं.”

त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं टेबलावर दोनदा टकटक केलं आणि बाईंना म्हणाले, “मराठीच राहू द्या. जागा सोडा, मी हातानं लिहितो.” आणि त्या इंग्रजी ओळीच्या मधोमध त्यांनी शाईनं कोंबलं असं लिहिलं. अक्षर चांगलं होतं. मग सगळं पुन्हा वाचून दाखवलं. गयाबाई या वेळी काही बोलली नाही. मी सही केली.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती एवढ्या वर्षांनी रागानं सांगितली नसती.

दीड वर्षानं निकाल लागला. मूल आईला द्यावं. तोपर्यंत ते साहेब बदलून गेले होते, निकाल दुसऱ्याच साहेबांनी लिहिला. देवपुजारींनी बाबांना पेढे आणायला सांगितलं. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते, डिक्शनरी घेऊन निकालाची नक्कल वाचायला बसले. बाप गेल्यावर लेकराची नैसर्गिक पालक आईच, असा कायदा आहे, म्हणून मूल आईचं. आणि लग्नात काय झालं त्याबद्दल अडीच ओळी. मूल त्या दिवशी आजीने घेतले. टुक. ते कशा पद्धतीनं घेतलं यात कोर्टाला शिरायची गरज वाटत नाही. माझी दोन पानं त्याच फाइलमध्ये शिवलेली होती, साहेबांच्या शाईतल्या शब्दासकट. ती उघडायचं कोणाला कारणच पडलं नव्हतं. जिंकलो, असं सगळे म्हणत होते. मी पेढा खाल्ला नाही. बाबा म्हणाले, हिला काय झालं आता.

हुकूम घेऊन कोर्टाचा बेलिफ गयाबाईच्या गावी गेला तेव्हा आम्हीही गेलो. बाबा, ताई आणि मी. बेलिफाबरोबर एक हवालदार होता. दुपारची वेळ होती. गयाबाई अंगणात तूर पाखडत होती आणि मुन्ना तिच्या शेजारी सुपातल्या खड्यांशी खेळत होता. आता चांगला चालता-बोलता झाला होता. आम्हाला बघून तो तिच्या पाठीमागे गेला. ताईलाही त्यानं ओळखलं नाही.

बेलिफानं हुकूम वाचला. गयाबाईनं सूप बाजूला ठेवलं आणि मुन्नाला उचलून छातीशी घट्ट धरलं. तिची दोन्ही पोरं शेतात होती. घरात दुसरं कोणी नव्हतं.

“द्या मावशी,” बेलिफ म्हणाला. “कोर्टाचा हुकूम आहे.”

“नाही देत.”

“मग घ्यावं लागेल.”

“घे.”

त्यानं हवालदाराला खूण केली. हवालदार काही दुष्ट माणूस नव्हता. काठी भिंतीला उभी करून ठेवली, गयाबाईच्या मागे गेला, आणि मुन्नाच्या पाठीवर तिनं एकमेकांत अडकवलेली बोटं सोडवायला लागला. मुन्ना किंचाळला. गयाबाई नुसती मान हलवत होती. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. कळू दे, असं वाटत होतं.

“सोडा तिले,” ताई म्हणाली.

हवालदारानं वर बघितलं.

“सोडा म्हणतो ना. हात काढा.”

“बाई, तुमच्यासाठीच चाललंय,” बेलिफ म्हणाला.

बाबा चिडले. “चंद्रे, येडी झाली का तू? दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आपण.”

“ताई, घे ना त्याला,” मी म्हणाले. “तुझा आहे. हुकूम आहे.”

ताई माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सहन होत नव्हतं. “बेबी, तूच सांगितलं ना कोर्टात? करंगळीपासून. सगळ्यांसमोर दोनदा सांगितलं. मी ऐकत होतो तिथं बसून.”

मग ती पुढे गेली आणि अंगणात, पाखडलेल्या तुरीच्या कडेला, गयाबाईपासून दोन हातांवर मांडी घालून बसली. हात पुढे केले नाहीत. मुन्नाला हाक मारली नाही. सूप ओढून घेतलं आणि त्यातले खडे निवडायला लागली. गयाबाई लेकराला कवटाळून उभीच होती. मुन्नाचं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं आणि खांद्यावरून तो खाली बघायला लागला, ही बाई आपले खडे कुठे टाकते ते.

बेलिफ या पायावरून त्या पायावर झाला. त्याला परतीची एसटी गाठायची होती.

“बाई, मला वर अहवाल द्यावा लागतो. ताबा घेतला का नाही घेतला? मी काय लिहू?”

ताईनं एक खडा उचलून मुन्नाला दिसेल असा उंबऱ्यावर ठेवला.

“लिहा,” ती म्हणाली, “माय येऊन बसली.”

“असं लिहिता येत नाही बाई.”

“मग जा तुम्ही,” ताई म्हणाली.